नीरानंद महाराजांची उतरती रेषा

लग्नाला होत नाही एवढी गर्दी दिवाळीच्या सुमारास एका रविवारी दर्यापूरच्या एका मंगल कार्यालयात होती. अकोटकडून, मूर्तिजापूरकडून, पार तेल्हाऱ्याकडून माणसं आली होती. कुणाचे पाय सुजलेले, कुणाचा चेहरा मातकट झालेला, कुणी दोघांच्या खांद्यावर हात टाकून आलेला. मंचावर नवरानवरीच्या खुर्च्या काढून तिथे एक सोनेरी सिंहासन मांडलं होतं, त्यावर पांढऱ्या रेशमात नीरानंद महाराज बसले होते, आणि त्यांच्या मागे भिंतभर पडदा होता.

"आकडा पाहू नका!" महाराज माईकवर गरजले. "आकडा काय करते? आकडा भेव दाखवते. डॉक्टर तुमाले आकडा सांगते अन् तुमची अर्धी किडनी तिथंच बसते. आपल्या दरबारात आकडा नाई. आपल्या दरबारात रेषा! रेषा उतरली का बिमारी उतरली!"

"उतरली!" सगळं कार्यालय ओरडलं.

"अन् त्या डॉक्टरच्या कागदावर चौकटी चौकटी असते, पायली ना तुमी? ते जाळं हाये जाळं! जाळ्यात मासोळी अडकते अन् चौकटीत मन अडकते. आता आपला पडदा पाहा. कोरा. आभाळासारखा."

पडदा खरंच कोरा होता. त्यावर आडवी-उभी एकही रेघ नव्हती, कडेला एक आकडा नव्हता. मंचाच्या कोपऱ्यात कुलदीप नावाचा गळ्यात माळ घातलेला तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं बटण दाबलं की पडद्यावर रोग्याचं नाव यायचं आणि एक निळी रेषा डावीकडून उजवीकडे निघायची. रेषा घसरत खाली आली की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. टाळ्या पडायच्या. महाराज मंत्रवलेल्या पाण्याची बाटली रोग्याच्या हातात द्यायचे आणि पुढचं नाव पुकारलं जायचं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, काय खुळी माणसं आहेत ही. त्यानं आमच्या खारपाणपट्ट्यात एक उन्हाळा काढून पाहावा. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीचं खारं, बोअरचं खारं. चहा फाटतो, डाळ शिजत नाही. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप आधी शेत विचारत नाही, "गावाले गोडं पानी हाये का?" असं विचारतो. घराघरांत किडनीचा रोगी, आणि प्रत्येक जण या पाण्यालाच दोष देणारा. डॉक्टरही गोडं पाणी प्या म्हणतात. तेव्हा खाऱ्या पाण्यानं बिघडलं ते गोड्या पाण्यानं दुरुस्त होईल, हा हिशेब इथल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. महाराजांनी तो नुसता हेरला होता.

मी सत्यवती. अकोल्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. असल्या दरबारात माझं काही काम नव्हतं, पण रोग्यांच्या रांगेत माझा धाकटा भाऊ सहदेव बसला होता. त्याच्या किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्याचं उन्हाळ्यात कळलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या, पथ्य आणि दर महिन्याची तपासणी सांगितली. गावातल्या कुणीतरी महाराज सांगितले. सहदेवनं महाराजांना धरलं. दरबाराचा नियम असा, की इथलं पाणी घ्यायचं तर बाहेरचं औषध बंद आणि बाहेरची सुईही बंद. रक्त इथेच द्यायचं, तपासणी दरबाराची माणसं करून आणणार, आणि रोग्यानं बघायची ती फक्त रेषा.

मी भांडून, रडून, शेवटी शपथ घालून त्याला गोळ्या चालू ठेवायला लावल्या होत्या. पाणीही पी आणि गोळ्याही खा, म्हटलं. ही गोष्ट तो, त्याची बायको शकुन आणि मी सोडून चौथ्या माणसाला ठाऊक नव्हती.

सहदेवचं नाव आलं. रेषा निघाली आणि सरळ वर चढत गेली.

महाराज सिंहासनावरून उठले, मंचाच्या टोकाशी आले आणि सहदेवकडे बोट दाखवून म्हणाले, "तू औषध खाऊन राहिला."

सहदेवचा चेहरा पांढराफटक पडला. "नाई महाराज..."

"खोटं बोलू नको! चोरून खाऊन राहिला तू. माह्या पान्यावर तुहा विश्वास नाई. पाहा लोकहो, रेषा बोलते! हा माणूस इकडं पानी पेते अन् तिकडं जहर खाते!"

सहदेव तिथेच खाली बसला, त्यानं दोन्ही हातांनी कान धरले आणि सगळ्यांदेखत कबूल केलं. लोकांनी हात जोडले. "अंतर्यामी हाये बाप्पा," माझ्या शेजारची बाई कुजबुजली. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. ह्याला कसं कळलं? शकुन माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

घरी गेल्यावर त्यानं पिठाच्या डब्यामागची गोळ्यांची पिशवी काढली आणि उकिरड्यावर टाकून दिली.

"सहदेव, अरे, वेडा झालास काय?"

"ताई, तू लय शिकली हायेस. पन त्यायले कसं समजलं ते सांग मले. सांग ना!"

मला सांगता आलं नाही. आणि ज्याला उत्तर देता येत नाही तो मोठ्या आवाजात बोलतो, तसं मी बोलले. त्यानं हात जोडून मला घराबाहेरचा रस्ता दाखवला.

त्यानंतर शकुन मला चोरून फोन करायची. पुढच्या महिन्यात सहदेवची रेषा खाली वळली. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी खाली आली. गावात पेढे वाटले म्हणे. महाराजांनी त्याला मंचावर बोलावून स्वतःच्या गळ्यातला हार घातला. कुणीतरी काढलेला पडद्याचा फोटो शकुननं मला पाठवला. निळी रेषा आधी वर चढलेली, मग वळून घसरत घसरत तळाला गेलेली. त्याच फोनवर शकुन म्हणाली, "ताई, पन यायले जेवन जात नाई हो. सकाळी उठले का उलट्या. रातभर अंग खाजवते. तोंड असं सुजलं का डोळे उघडत नाई. महाराज म्हनते, घान बाहेर पडून राहिली."

मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले. ज्याचा रोग उतरतो आहे त्याला उलट्या का व्हाव्यात? दोहोंपैकी एक खोटं बोलत होतं, पडदा किंवा माझ्या भावाचं शरीर. शरीराला खोटं बोलता येत नाही.

वर्गात मी मुलांना पायथन या संगणकाच्या भाषेत आलेख काढायला शिकवते. मॅटप्लॉटलिब नावाचं फुकट मिळणारं साधन आहे, चांगलं आहे, जगभर वापरतात. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना सांगते की रेषेआधी अक्ष बघा. उभ्या अक्षावर कुठून कुठवर आकडे घ्यायचे ते तुमच्या हातात असतं. आकडे दाखवायचे की लपवायचे तेही तुमच्याच हातात. मागची चौकटींची जाळी ठेवायची की काढून टाकायची, त्यालाही आज्ञेची एक ओळ पुरते. आणि उभा अक्ष उलटा करायचा, म्हणजे लहान आकडा वर आणि मोठा आकडा खाली, त्यालाही एकच ओळ लागते. खाणीची किंवा विहिरीची खोली दाखवताना हे सोयीचं पडतं. पण अक्ष उलटा असला आणि आकडे पुसलेले असले, तर चढणारी गोष्ट बघणाऱ्याला उतरताना दिसते. मी घरच्या संगणकावर आधी थोडे उतरणारे आणि मग चढत जाणारे आकडे घातले, अक्ष उलटा केला, आकडे आणि जाळी पुसली. शकुनच्या फोटोतली रेषा जशीच्या तशी माझ्यासमोर आली.

तरीही हा संशयच होता. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हेही मीच वर्गात शिकवते. सहदेव बाहेर रक्त द्यायला तयार नव्हता, दरबार आकडे दाखवायला तयार नव्हता. खरं-खोटं करायचं तर त्यांच्याच यंत्रावर, त्यांच्याच पडद्यावर करायला हवं होतं.

महाशिवरात्रीनंतरच्या दरबाराला मी गेले. सहदेवला पाहिलं. चार महिन्यांत तो म्हातारा झाला होता. दम लागत होता, बोलताना मधेच उचकी येत होती, आणि तरी डोळ्यांत विलक्षण आनंद होता. "पाहशीन आता ताई," तो म्हणाला, "आज आणखी उतरते का नाई!"

उतरली. याआधी कधी नव्हे एवढी खाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सहदेव स्वतःही वाजवत होता.

दरबारात अनुभव सांगायला नातेवाइकांना माईक देतात. मी हात वर केला. "मी सहदेवची मोठी बहीण," मी म्हणाले. "मागे मीच याला गोळ्या दिल्या होत्या." लोकांत चुकचुक झाली. महाराज प्रसन्न हसले, पश्चात्तापाची बाई त्यांना आवडत असावी.

"महाराज, एक शंका आहे. हे यंत्र फक्त रोगाचीच रेषा काढतं, की कशाचीही?"

"बाई, यंत्र काहीच नाई काढत. सत्य काढते! जे सत्य हाये ते पडद्यावर येते."

"मग आपल्या अकोल्याच्या उन्हाचं सत्य काढून दाखवा ना. लोकांनाही गंमत."

हशा पिकला. महाराजही हसले. त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं हे मला तेव्हाच समजलं, कारण त्यांनी मोठ्या मनानं मान डोलावली. "काढ रे कुलदीप!"

मी आकडे सांगितले. "फेब्रुवारीत तेहतीस. मार्चमध्ये अडतीस. एप्रिलात बेचाळीस. मेमध्ये पंचेचाळीस. बरोबर ना हो?"

"पंचेचाळीस कायचे, सत्तेचाळीस टाका!" मागून कुणीतरी ओरडलं.

कुलदीपनं महिनोन्महिने त्याच फायलीत रोग्यांचे आकडे भरले होते. सवयीनं त्यानं हेही भरले आणि सवयीनं बटण दाबलं. बोट उचलल्यावर त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, पण तोवर उशीर झाला होता. पडद्यावर रेषा निघाली आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत घसरत खाली गेली.

मग पुढच्या रांगेतले खुशालराव, आमच्याच गावचे, सत्तरी ओलांडलेले, काठी टेकत उभे राहिले. "आबे, हे काय? फेब्रुवारीपेक्षा मे महिन्यात अकोल्यात थंडी पडते काय?"

"यंत्र गरम झालं," कुलदीप पुटपुटला.

"यंत्र गरम झालं अन् अकोला थंड झालं! वा रे वा!" खुशालराव म्हणाले. लोक हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. त्यात अस्वस्थपणा होता.

मी माईक सोडला नाही. "यंत्र बरोबर आहे. कुलदीपनं उभा अक्ष उलटा लावलाय. तेहतीस वर आहे आणि पंचेचाळीस खाली. आकडे पुसलेत म्हणून दिसत नाही. कुलदीप, डावीकडचे आकडे दाखव."

"आकडा म्हनजे अहंकार!" महाराजांनी हात उगारला. "आकडा मांगनं म्हनजे परमेश्वराची परीक्षा पाहनं! ज्यानं आकडा मांगला त्याचं पानी फळत नाई!"

बरेच जण दचकून खाली बसले. ज्यांची रेषा गेले काही महिने उतरत होती त्यांना आकडे नकोच होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. मीही त्या क्षणी घाबरले होते. आणि मग शकुन उठली. ती चारचौघांत कधी बोलत नाही. ती मंचापर्यंत चालत गेली आणि कुलदीपच्या समोर उभी राहिली.

"भाऊ, माह्या मालकाची रेषा काढ. आकड्यायसकट."

"वहिनी, महाराज नाई म्हनते ना..."

"महाराजाचं कुंकू नाई लावत मी. काढ."

कुलदीपनं महाराजांकडे बघितलं, मग शकुनकडे. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कुठली ओळ चालू करायची ते दाखवलं. पडद्याच्या डाव्या कडेला आकडे आणि तळाला महिने उगवले. मग मी जाळी चालू करायला सांगितली, म्हणजे कुठला ठिपका कुठल्या आकड्यासमोर आहे हे मागच्या भिंतीपर्यंत दिसेल.

सहदेवच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, पडद्यावर होतं. अगदी वर, जिथे रेषा चढून गेली होती, तिथे साडेतीन. अगदी तळाला, जिथे आता टाळ्या पडल्या होत्या, तिथे आठ.

"आता अक्ष सरळ कर," मी म्हणाले.

कुलदीपनं ती एक ओळ खोडली. रेषा उलटी झाली. सुरुवातीला खाली उतरलेली, आणि दिवाळीनंतर उभ्या कड्यासारखी चढत गेलेली.

सहदेव उठून पडद्याजवळ गेला. दहावी शिकलेला माणूस आहे, आलेख वाचता येतो त्याला. त्यानं दिवाळीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ताई, हा... हा मी गोळ्या खाऊन राहिलो होतो तवाचा ना?"

"हो."

"म्हनजे जवा यायनं मले भर सभेत चोर केलं," त्याला उचकी आली, तो थांबला, "तवा मी बरा होऊन राहिलो होतो?"

"हो रे."

महाराजांना सहदेवच्या गोळ्या कशा समजल्या, हे मला तिथे, त्याच्या बोटाकडे बघताना कळलं. यात अंतर्ज्ञान कुठलं? ज्याचा रोग खरोखर उतरतो त्याची रेषा यांच्या पडद्यावर वर चढणार. आणि किडनीचा रोग मंत्राच्या पाण्यानं उतरत नाही. तेव्हा रेषा वर गेली की माणूस लपून औषध घेतो आहे, एवढं ओळखायला देव लागत नाही, चार दरबारांचा अनुभव पुरतो. महाराजांना लॅपटॉप कळत नव्हता, पण हे नेमकं कळलं होतं. मग त्याला चोर म्हणायचं, औषध सोडायला लावायचं, आणि तो मरणाकडे निघाला की हार घालायचा. बऱ्या होणाऱ्याला शिक्षा आणि मरणाऱ्याला टाळ्या, असा तो कारखाना होता. मी हे सगळं माईकवर सांगितलं.

महाराज तोवर "श्रद्धा भंगली, दरबार बंद" म्हणत मागच्या दारानं निघाले होते. पोरांनी गाडी अडवली, पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, ती यथावकाश चालेल. कुलदीपनं बाकीच्या रोग्यांचे आकडे रडत रडत काढून दिले. लोक आपापला आकडा बघायला रांगेत उभे होते, आणि आकडा बघून परतणाऱ्यांचे चेहरे मला अजून झोपू देत नाहीत. एक बाई मात्र रांगेत आली नाही. मंचाखालच्या खोक्यातून तिनं पाण्याच्या दोन बाटल्या पदराआड घेतल्या. मी तिला अडवलं तर म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. डॉक्टरनं तर आता काही होत नाई असंच सांगतलं हाये."

मी बाजूला झाले.

सहदेवला त्याच संध्याकाळी अमरावतीला दवाखान्यात भरती केलं. तो वाचला. किडन्या वाचल्या नाहीत. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "दिवाळीला होता तसाच पुढे राहिला असता तर कदाचित कितीतरी वर्षं मशीन लागलं नसतं," एवढंच म्हणाले. आता आठवड्यातून तीनदा शकुन त्याला डायलिसिसला नेते. गावाहून पहाटेची एसटी, दिवसभर मशीन, रात्री परत. सुया टोचून टोचून हात दोरखंडासारखा झालाय.

परवा मी त्याच्या खाटेशी बसले होते. सिस्टर मशीन लावायला आली, तसा त्यानं विचारलं, "आज आकडा किती?" तिनं सांगितला. "मागच्यापेक्षा कमी का जास्त?" तिनं तेही सांगितलं. मग त्यानं डोळे मिटले. तसाच म्हणाला, "ताई, सारं कार्यालय भरून मानसं होती. शिकलेले होते, मास्तर होते, मी होतो. आकडा दाखवा, एवढं एकानंही काहून नाई म्हटलं?"

मी वर्षानुवर्षं शिकवते आहे, पण यापेक्षा मोठा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. आपण पडद्याला घाबरतो. संगणकानं काढलं म्हणजे खरंच असणार, असं आपल्याला वाटतं. संगणक बिचारा सांगितलं तसं काढतो. सांगणारा कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं, आपण विचारायला हवं. म्हणून हात जोडून सांगते. तुमच्या पुढ्यात कुणी चढती किंवा उतरती रेषा धरली, मग तो बाबा असो, पुढारी असो, कंपनी असो की आमच्यासारखी शिकवणारी माणसं असोत, आधी डावीकडे बघा. तिथे आकडे आहेत का? कुठून सुरू होतात? वरचा मोठा आहे की खालचा? आकडे नसतील तर टाळी वाजवू नका. उठून उभे राहा आणि मागा. लोक हसतील, कुणी शाप देईल, देऊ दे. माझा भाऊ स्वतःच्या मरणाला टाळ्या वाजवत होता, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.